थंडीत घोड्याला अंघोळ घालताना ऊब कशी टिकवावी?

मार्गशीर्ष लागला की अश्वपालकांची धावपळ सुरू होते. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेचीही तयारी चालू असते. दोन्हीकडे घोड्यांचा मोठा बाजार असतो. घोडा स्वच्छ, चमकदार दिसला तर गिऱ्हाईक थांबते, म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी पहाटे घोडा धुण्याची घाई होते. लग्नसराईत वरातीच्या घोडीचे आणि महाबळेश्वर-माथेरानला पर्यटकांसाठी चालणाऱ्या घोड्यांचेही तसेच आहे.

याच दिवसांत थंडी कडक असते. धुळे-नंदुरबार भागात डिसेंबरात दुपारी चांगले ऊन असते, पण पहाटे पारा अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. सकाळी घाईने धुतलेला आणि अर्धवट वाळलेला घोडा संध्याकाळी चारा सोडतो, कुडकुडतो, पोटदुखीने लोळू लागतो. अशी जनावरे यात्रेच्या काळात पशुवैद्यकांकडे येतात. वर्षभर सांभाळलेला घोडा ऐन विक्रीच्या वेळी आजारी पडला तर नुकसान मोठे होते.

यावर उपाय अवघड नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: घोडा भिजवायला पंधरा मिनिटे लागतात, वाळवायला दोन ते तीन तास. म्हणून पाणी घालण्याआधी वाळवण्याचा हिशेब करा. जेवढे अंग सूर्य मावळायच्या आत पूर्ण वाळवता येईल, तेवढेच भिजवा.

ओल्या अंगाला थंडी जास्त का लागते?

कोरडा, निरोगी घोडा थंडी चांगली सहन करतो. हिवाळ्यात त्याचे केस दाट होतात. गारठा लागला की केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो. ही अडकलेली हवा गोधडीसारखे काम करते. केसांवर आणि कातडीवर असलेल्या नैसर्गिक तेलामुळे थोडे दव किंवा भुरभुर पाऊस आतपर्यंत पोहोचत नाही.

अंघोळीने ही व्यवस्था मोडते. ओले केस अंगाला चिकटतात आणि हवेचा थर नाहीसा होतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहते. शिवाय पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जाते. केसांत राहिलेले एक लिटर पाणी वाळण्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. एवढ्या उष्णतेत साडेपाच लिटरहून अधिक बर्फासारखे गार पाणी उकळीला येईल. ही उष्णता काही उन्हातून मिळते, उरलेली घोड्याच्या अंगातून जाते. वारा असेल तर हे सर्व आणखी वेगाने होते.

म्हणूनच कोरड्या अंगाने १० अंशांत आरामात उभा राहणारा घोडा, ओला असेल तर साधारण १५ अंशांनाच गारठू लागतो. मारवाडी, काठियावाडी घोड्यांची कातडी पातळ व केस बारीक असतात, त्यांची जास्त काळजी घ्यावी.

अंघोळ खरेच हवी आहे का?

हिवाळ्यात बहुतेक वेळा पूर्ण अंघोळीची गरज नसते. केसांची चमक पाण्यापेक्षा खराऱ्याने जास्त येते. रोज २० ते ३० मिनिटे खरारा केला तर धूळ व मेलेले केस निघतात, कातडीतील तेल केसांवर पसरते आणि रक्ताभिसरण सुधारते. साबणाने वारंवार धुतल्यास हेच तेल निघून जाते आणि केस रुक्ष दिसतात. विक्रीसाठी घोडा तयार करायचा असेल तर महिनाभर आधीपासून खरारा सुरू करावा. आदल्या दिवशीच्या साबणाने तेवढी झळाळी येत नाही.

पूर्ण अंघोळीऐवजी पुढील पर्याय वापरून पाहा.

• डाग तेवढाच धुणे: पांढऱ्या, विशेषतः नुकरा घोड्यांच्या अंगावर शेण-मुताचे डाग पडतात. कोमट पाण्यात फडके बुडवून फक्त डाग पुसावा आणि ती जागा लगेच कोरडी करावी.
• गरम फडक्याने पुसणे: बादलीत हाताला सोसेल इतके गरम पाणी घ्यावे. टॉवेल बुडवून इतका पिळावा की त्यातून थेंब पडणार नाही. केसांच्या उलट दिशेने घासून मळ वर काढावा, मग सरळ दिशेने ब्रश फिरवावा. एका वेळी हातभर जागाच घ्यावी. याने केसांची वरची बाजू फक्त दमट होते, कातडी भिजत नाही.
• पाय आणि शेपूट धुणे: घोडा स्वच्छ दिसण्यात यांचा वाटा मोठा असतो. शेपूट बादलीत बुडवून धुतली तर अंग भिजत नाही.

पुढील जनावरांना थंडीत पूर्ण अंघोळ घालू नये: सहा महिन्यांच्या आतील शिंगरू, शेवटच्या महिन्यांतील गाभण घोडी, म्हातारा किंवा हाडे दिसणारा घोडा, खोकला-सर्दी-ताप असलेला घोडा आणि नुकताच पोटदुखीतून उठलेला घोडा. लांबच्या प्रवासातून आलेल्या घोड्यालाही किमान २४ तास अंघोळ घालू नये.

किती थंडीत काय करावे?

• १५ अंशांपेक्षा जास्त तापमान, ऊन आणि वारा नाही: गरज असल्यास पूर्ण अंघोळ घालता येईल.
• १० ते १५ अंश किंवा ढगाळ हवा: पाय, शेपूट आणि डाग एवढेच धुवावेत.
• १० अंशांपेक्षा कमी, पाऊस किंवा बोचरा वारा: पाणी वापरू नये. खरारा आणि कोरडे फडके पुरेसे आहे.

अंघोळीची वेळ सकाळी ११ ते दुपारी १ ही ठेवावी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि चार वाजल्यानंतर उन्हाची धग कमी होते. चार वाजेपर्यंत कातडीपर्यंत कोरडा होईल, असा हिशेब ठेवावा. एक वाजून गेला असेल तर त्या दिवशीची अंघोळ रद्द करावी.

जागा उन्हाची, पण वारा अडणारी असावी. घराची किंवा तबेल्याची दक्षिणेकडील भिंत चांगली. भिंत नसेल तर वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री किंवा कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसा करावा. जमीन घसरडी नसावी. पाणी वाहून जाईल असा उतार असावा, नाहीतर धुतलेले पाय पुन्हा चिखलात भरतात. दोर बांधताना ओढताच सुटेल अशी गाठ मारावी.

पाणी घालण्याआधी काय तयार ठेवावे?

• चार-पाच जुने, कोरडे सुती टॉवेल किंवा धोतराची फडकी
• पाणी निथळण्यासाठी पट्टी (नसल्यास प्लॅस्टिकच्या डब्याचा गोल, बोथट काठ चालतो)
• दोन घोंगड्या किंवा लोकरी झुली
• स्वच्छ गोणपाट आणि वाळलेले गवत
• घोड्यांसाठीचा सौम्य शाम्पू
• गरम पाण्याची सोय

कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्याचा साबण वापरू नये. त्याने कातडीतील तेल पूर्ण निघते आणि खाज सुटते.

पाण्याचे तापमान घोड्याच्या अंगाएवढे, म्हणजे ३५ ते ३८ अंश असावे. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे पाणी आपण कोपर बुडवून बघतो, तसेच इथेही बघावे. कोपराला गार किंवा चटका लागता कामा नये. बोअरचे ताजे पाणी थंडीत कोमट वाटते, पण तेही घोड्याच्या अंगापेक्षा बरेच थंड असते. पाच तांबे ताज्या बोअरच्या पाण्यात एक तांब्या उकळते पाणी घातल्यास योग्य ऊब येते. रात्रभर टाकीत राहिलेल्या गार पाण्यासाठी तीन तांब्यांना एक तांब्या उकळते पाणी घ्यावे. आधी गार पाणी ओतावे, मग गरम, आणि नीट ढवळून कोपराने तपासावे. काळ्या पाइपात उन्हाने तापलेले पाणी थेट अंगावर सोडू नये, पहिली धार भाजण्याइतकी गरम असू शकते.

अंघोळ घालण्याची पद्धत

१. घोडा आधी १० ते १५ मिनिटे सावकाश फिरवावा. अंग ऊबदार होते आणि घोडा शांत राहतो. घाम येईल इतके पळवू नये.

२. पूर्ण अंगाला कोरडा खरारा करावा. धूळ आधीच निघाली की पाणी आणि शाम्पू कमी लागतो. कमी पाणी म्हणजे कमी वाळवण.

३. कंबर आणि पुठ्ठे घोंगडीने झाकून ठेवावेत. आधी पुढचा भाग धुवावा, तो कोरडा करून झाकावा, मग मागचा भाग उघडावा. संपूर्ण घोडा एकाच वेळी ओला ठेवू नये.

४. सुरुवात पुढच्या पायांपासून करावी. घोड्याला पाण्याची सवय होते आणि तो दचकत नाही. मग खांदा, मान, छाती, बरगड्या असा क्रम घ्यावा.

५. पाइपने भिजवण्यापेक्षा स्पंज किंवा फडके वापरावे. शाम्पू बादलीत मिसळून घ्यावा, थेट अंगावर ओतू नये.

६. फेस पूर्ण निघेपर्यंत कोमट पाण्याने धुवावे. साबण राहिल्यास कोंडा आणि खाज होते. खंगाळण्याचे पाणीही कोमटच असावे. गरम पाणी संपले म्हणून शेवटची बादली गार पाण्याची ओतणे, ही नेहमी होणारी चूक आहे. म्हणून खंगाळण्याचे पाणी आधीच बाजूला काढून ठेवावे.

७. तोंड ओल्या फडक्याने पुसावे. कानांत व नाकात पाणी जाऊ देऊ नये.

८. प्रत्येक भाग धुतला की लगेच पट्टीने पाणी निथळावे. पट्टी केसांच्या दिशेने, वरून खाली ओढावी. पोटाखाली आणि मांड्यांच्या आत पाणी साचते, तिथे विशेष लक्ष द्यावे.

वाळवणे: सर्वांत महत्त्वाचे काम

पट्टीनंतर कोरड्या टॉवेलने जोर लावून घासावे. टॉवेल ओला झाला की बदलावा. आयाळ मुठीत धरून टॉवेलमध्ये पिळावी, नाहीतर मानेवर पाणी झिरपत राहते. केस केवळ सपाट पुसू नयेत. टॉवेल गोल फिरवून केस उभे करावेत, म्हणजे त्यात हवा शिरते.

यानंतर घोंगडी थेट ओल्या अंगावर टाकू नये. अंगातून निघणारी वाफ अडते, घोंगडी ओली होते आणि घोडा ओल्या पांघरुणाखाली गारठतो. त्याऐवजी पाठीवर आणि कमरेवर वाळलेल्या गवताचा चार बोटे जाड थर पसरावा. त्यावर विरळ विणीचे गोणपाट टाकून पट्ट्याने सैल बांधावे. गवतामुळे मधे हवा खेळते, ऊब टिकते आणि वाफ गोणपाटातून बाहेर पडते. गोणपाटाच्या वरच्या बाजूला दमटपणा दिसू लागला की अंग वाळत आहे, असे समजावे. अर्ध्या-पाऊण तासाने ओले गवत आणि गोणपाट काढून कोरडे घालावे. काढलेले गवत चाऱ्यात मिसळू नये.

या काळात घोडा उन्हात हळूहळू फिरवत राहावे. स्नायूंच्या हालचालीने अंगात उष्णता तयार होते. मोकळे सोडू नये, धुतलेला घोडा पहिल्यांदा मातीत लोळतो.

घोडा वाळला की नाही, हे वरवर हात फिरवून कळत नाही. वरचे केस कोरडे लागतात, पण मुळाशी ओल असते. बोटे केसांच्या उलट दिशेने कातडीपर्यंत घालून पाहावे. छाती, पुढच्या पायांमागची काख, पोटाखाली आणि आयाळीखाली, या चार जागा सर्वांत उशिरा वाळतात. तिथे बोटांना गार किंवा दमट लागले तर वाळवणे संपलेले नाही.

पाय विसरू नका. खुरांच्या वर मागच्या बाजूला असलेल्या खळगीत ओल राहिली तर कातडी मऊ पडते, चिरते आणि जंतुसंसर्ग होऊन खपल्या धरतात. ती जागा वेगळ्या फडक्याने कोरडी करावी.

पूर्ण वाळल्यावर एकदा ब्रश फिरवून केस मोकळे करावेत. त्यानंतर संध्याकाळी कोरडी घोंगडी किंवा झूल घालावी. धुतल्याने तेलाचा थर कमी झालेला असतो, म्हणून पुढच्या दोन-तीन रात्री पांघरूण द्यावे. सकाळी ऊन आले की ते काढावे. पांघरुणाखाली खांद्याजवळ हात घालून पाहावे. ओलसर घाम लागला तर पांघरूण जास्त झाले आहे.

अंघोळीनंतरचा चारा आणि पाणी

घोड्याच्या अंगातली शेगडी म्हणजे त्याचे मोठे आतडे. तिथे वाळलेला चारा आंबताना तासन्‌तास उष्णता तयार होत राहते. म्हणून ऊब हवी असेल तर चंदी वाढवण्यापेक्षा वाळलेले गवत वाढवावे. अंघोळीनंतर लगेच समोर गवत ठेवावे आणि रात्रीसाठी नेहमीपेक्षा थोडे जास्त द्यावे. ३०० किलो वजनाच्या घोड्याला रोज साधारण ५ ते ६ किलो वाळलेला चारा लागतोच. थंडीच्या दिवसांत तो कमी पडू देऊ नये. गारठा आहे म्हणून तोबऱ्यात एकदम जास्त हरभरा किंवा धान्य टाकल्यास पोटदुखी होण्याचा धोका वाढतो.

पिण्याचे पाणी कोमट द्यावे. थंड पाणी घोडा कमी पितो. कोरडा चारा आणि कमी पाणी असे झाले की आतड्यात चारा अडकून पोटदुखी होते. संध्याकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा पाणी दाखवावे.

यात्रेत, वरातीत आणि डोंगरावर

यात्रेत: लांबून ट्रकने आलेल्या घोड्याचे डोके बराच वेळ वर बांधलेले असते. त्यामुळे श्वासनलिकेतील कफ खाली निचरत नाही आणि फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. अशा घोड्याला पहाटे उतरवून थेट नदीवर नेऊन धुणे धोक्याचे आहे. आधी त्याला मान खाली घालून चारा खाऊ द्या, विश्रांती द्या आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. शक्य असल्यास घोडा घरूनच धुऊन, पूर्ण वाळवून आणा. यात्रेत फक्त खरारा करा. बादली, स्पंज, ब्रश, पांघरूण शेजाऱ्याला देऊ नका आणि त्याचे घेऊ नका. नाकातून घाण येणारे आजार, गजकर्ण आणि माणसालाही होऊ शकणारा ग्लँडर्स असे सामायिक वस्तूंतून पसरतात.

वरातीत: घोडी संध्याकाळी सजवण्याआधी धुऊ नका, दुपारीच धुवा. वरातीत जड मखमली झुलीखाली घाम येतो आणि रात्री सामान उतरवल्यावर तो थंड पडतो. सामान एकदम न काढता आधी घोडी दहा मिनिटे फिरवा. मग झूल काढून घाम कोरड्या फडक्याने पुसा आणि कोरडी घोंगडी घाला. रात्री घाम धुण्यासाठी पाणी वापरू नका. वाळलेला घाम सकाळी खराऱ्याने निघतो.

डोंगरावर: महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही वर्षी थंडीत दव गोठते. सखल, पाण्याजवळच्या जागी गारठा साचतो. घोडा तिथे न धुता उंचावरच्या उन्हाच्या जागी धुवा. काम संपल्यावर जीन काढली की पाठीवरचा ओला भाग आधी कोरडा करा.

थंडी लागल्याची लक्षणे आणि प्रथमोपचार

कानांची मुळे गार लागणे, केस उभे राहणे, शेपूट आत दाबून धरणे, अंग आखडून उभे राहणे, स्नायू थरथरणे आणि चारा सोडणे ही लक्षणे आहेत. थोडा वेळ थरथरणे हा ऊब आणण्याचा शरीराचा प्रयत्न असतो, पण त्याकडे दुर्लक्ष करू नये.

• घोड्याला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे.
• ओले पांघरूण काढून कोरड्या टॉवेलने जोराने घासावे. दोघे असल्यास दोन्ही बाजूंनी घासावे.
• गवत आणि गोणपाटाचा थर घालून वर घोंगडी टाकावी. दर अर्ध्या तासाने ओल तपासावी.
• कोमट पाणी आणि वाळलेले गवत समोर ठेवावे. चालू शकत असल्यास हळूहळू फिरवावे.
• गुदद्वारातून ताप मोजावा. निरोगी घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस (९९.५ ते १०१.३ अंश फॅरेनहाइट) असते. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो.

तापमान ३७ अंशांखाली गेले किंवा ३८.५ च्या वर राहिले, अर्ध्या-एक तासात थरथर थांबली नाही, घोडा पोटाकडे बघत लोळू लागला, खोकला किंवा नाकातून घट्ट स्राव सुरू झाला तर लगेच पशुवैद्यकाला बोलवावे. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करता येतो.

या चुका टाळा

• ऊब यावी म्हणून रम, ब्रँडी पाजू नये. दारूने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली उष्णता उलट जास्त बाहेर जाते.
• बांबूच्या नळकांड्याने किंवा बाटलीने काढा, तेल घशात ओतू नये. ते फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो.
• तबेल्यात शेकोटी पेटवू नये. धुराने श्वसनमार्गाला त्रास होतो आणि गवताला आग लागण्याचा धोका असतो.
• ओल्या अंगावर प्लॅस्टिक किंवा ताडपत्री टाकू नये. वाफ आतच राहते.
• गोचीड मारण्यासाठी गाई-म्हशींचे औषध अंघोळीच्या पाण्यात टाकू नये. अमिट्राझ असलेल्या औषधाने घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावून गंभीर पोटदुखी होते. पशुवैद्यकाला विचारूनच औषध निवडावे.
• थंडीत तबेल्याची सर्व दारे-खिडक्या बंद करू नयेत. घोड्याच्या अंगावर झोत येणार नाही, पण वरून हवा खेळती राहील, अशी व्यवस्था ठेवावी.

यात्रेत घोडा पारखणारा जाणकार केवळ केसांची चमक बघत नाही. तो कान, डोळे, श्वास आणि चाल बघतो. गारठलेला घोडा कितीही पांढराशुभ्र असला तरी मान टाकून उभा राहतो, आणि कोरडा, पोटभर खाल्लेला घोडा थोडा धुळीने भरलेला असला तरी नजरेत भरतो. म्हणून शंका असेल त्या दिवशी पाण्याची बादली बाजूला ठेवा आणि खरारा हातात घ्या.